एकाच केबलवर अनेक जोडण्या : शेतवस्तीवरील संगणक-जाळ्याची किफायतशीर उभारणी

गावठाण सोडून शेतात वस्ती करून राहणारी कुटुंबे धाराशिव जिल्ह्याच्या सर्वच तालुक्यांत आढळतात. पूर्वी वस्तीवर वीज आली म्हणजे एक दिवा आणि एक मोटार एवढीच तिची सोय असे. आता तशी स्थिती राहिलेली नाही. भूम, परंडा, वाशी या भागांत दूध आणि खव्याचा धंदा मोठा आहे. दूध संकलनाच्या ठिकाणी वजनकाटा, फॅट तपासणीचे यंत्र आणि संगणक एकमेकांना जोडलेले असतात. उस्मानाबादी शेळ्यांचे बंदिस्त पालन करणारे शेतकरी चोरीच्या भीतीने गोठ्यावर कॅमेरे बसवितात. द्राक्षबागायतदारांना हवामानाचा अंदाज आणि बाजारभाव वेळेवर पाहिजे असतो. कृषी विद्यापीठांच्या सहकार्याने दिला जाणारा कृषी हवामान सल्ला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होतो. या सर्व कामांसाठी इंटरनेट लागते.

अडचण अशी की, इंटरनेटची जोडणी राहत्या घरात येते आणि गोठा, पॅकिंग शेड किंवा संकलन खोली घरापासून लांब असते. मग घरापासून तेथपर्यंत एक केबल टाकली जाते. वर्षभराने दुसरे यंत्र येते आणि प्रश्न उभा राहतो, आता दुसरी केबल टाकायची काय?

एक उदाहरण घेऊ. समजा, घरापासून गोठा ७० मीटरवर आहे. उन्हाळ्यात चर खणून कॅमेऱ्यासाठी एक केबल टाकली. आता आश्विन महिना चालू आहे, मधल्या रानात तूर उभी आहे आणि गोठ्यालगतच्या खोलीत दूध संकलनाचा संगणक बसवायचा आहे. पुन्हा चर खणायचा तर उभे पीक मोडते, मजुरी लागते आणि काम लांबते. अशा वेळी जमिनीत असलेल्या त्या एकाच केबलवर दोन किंवा अधिक जोडण्या चालविता येतात. त्यासाठी कोणत्या पद्धती आहेत, कोणती कोठे योग्य आणि कोठे पैसा वाया जातो, याची माहिती या लेखात दिली आहे.

केबलच्या आत काय असते?

इथरनेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केबलचे वरचे आवरण सोलले, म्हणजे आत ८ बारीक तारा दिसतात. त्या दोन-दोनच्या ४ जोड्यांत पिळलेल्या असतात. जोड्यांचे रंग नारिंगी, हिरवा, निळा आणि तपकिरी असे असून प्रत्येक जोडीत एक तार पूर्ण रंगाची व दुसरी पांढऱ्यावर त्या रंगाचा पट्टा असलेली असते. पीळ हा केवळ बांधणीसाठी नसतो. शेजारच्या जोडीतून किंवा जवळच्या विजेच्या तारेतून येणारा अडथळा पिळामुळे दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि यंत्राला तो बाजूला काढता येतो. म्हणून पीळ मोडू नये.

केबलच्या टोकाला जी पारदर्शक प्लास्टिकची पिन बसवितात तिला आरजे-४५ म्हणतात. तिच्यात ८ खाचा असतात. पिनेची पितळी टोके आपल्याकडे आणि कडी खालच्या बाजूला धरली असता डावीकडून रंगांचा प्रचलित क्रम पुढीलप्रमाणे येतो.

तक्ता १ : पिन बसविण्याचा क्रम
१ – पांढरा-नारिंगी
२ – नारिंगी
३ – पांढरा-हिरवा
४ – निळा
५ – पांढरा-निळा
६ – हिरवा
७ – पांढरा-तपकिरी
८ – तपकिरी

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हिरवी जोडी ३ आणि ६ या खाचांत विभागली आहे, ३ आणि ४ मध्ये नाही. रंग ओळीने लावून दोन्ही टोके सारखी केली तरी चालेल असे समजून काही जण पिन बसवितात. साध्या तपासणी यंत्रावर आठही दिवे लागतात, परंतु जोडी फुटल्यामुळे लांब अंतरावर जोडणी अडखळत चालते.

आता महत्त्वाचा मुद्दा. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने चालणारी जोडणी (हे मानक १९९५ मध्ये आले) फक्त दोन जोड्या वापरते. १ व २ या खाचांतील जोडीवरून एका दिशेने आणि ३ व ६ या खाचांतील जोडीवरून उलट दिशेने माहिती जाते. निळी आणि तपकिरी जोडी रिकामी पडून असते. मात्र सेकंदाला १००० मेगाबिट वेगाची जोडणी (मानक १९९९ चे) चारही जोड्या वापरते. केबल वाटून घेण्याचा सगळा विचार या फरकावर अवलंबून आहे.

सामाईक तारेची मूळ रीत

एका तारेवर अनेकांनी काम करणे ही नवीन कल्पना नाही. इथरनेटचा जन्मच त्यातून झाला. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी या पद्धतीचे टिपण लिहिले. हवाई विद्यापीठाने बेटांवरील संगणक रेडिओने जोडण्यासाठी जी पद्धत वापरली होती, तिच्या अभ्यासातून त्यांना ही दिशा मिळाली. पहिल्या इथरनेटमध्ये एक जाड केबल इमारतीभर फिरविलेली असे आणि सर्व संगणक तिलाच जोडलेले असत.

मग दोघे एकाच वेळी बोलू लागले तर? त्यासाठी साधा नियम होता. बोलण्यापूर्वी तार रिकामी आहे का ते ऐकावे. रिकामी असल्यास बोलावे. दोघांची टक्कर झाली तर दोघांनीही थांबावे, प्रत्येकाने वेगवेगळा, अनियमित वेळ वाट पाहावी आणि पुन्हा प्रयत्न करावा. सामाईक विहिरीवर दोन भावांच्या मोटारी असतात, तेव्हा पाळी ठरलेली नसली तर असेच चालते. वापर कमी असताना निभावते, पण सगळ्यांनाच एकदम पाणी हवे झाले की खोळंबा होतो. पुढे पिळाच्या जोड्यांची केबल आणि स्विच आले आणि ही टक्कर संपली. तरीही एका तारेची वाटणी करण्याची गरज राहिलीच.

पद्धत पहिली : जोड्यांची वाटणी

१०० मेगाबिटच्या जोडणीला दोन जोड्या पुरतात, म्हणून चार जोड्यांच्या केबलमधून अशा दोन स्वतंत्र जोडण्या काढता येतात. पहिल्या जोडणीसाठी नारिंगी आणि हिरवी जोडी नेहमीप्रमाणे ठेवतात. दुसऱ्या जोडणीसाठी निळी आणि तपकिरी जोडी वापरतात आणि टोकाला तिला १, २, ३, ६ या खाचांत आणतात.

तक्ता २ : दुसऱ्या जोडणीची पिन (दोन्ही टोकांना सारखीच)
१ – पांढरा-निळा
२ – निळा
३ – पांढरा-तपकिरी
६ – तपकिरी
(४, ५, ७ व ८ या खाचा रिकाम्या)

हे काम करणारे तयार दुभाजक बाजारात मिळतात. ते वापरताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. दुभाजक नेहमी जोडीने लागतात. एक घराच्या टोकाला आणि दुसरा गोठ्याच्या टोकाला. दोन्ही एकाच प्रकारचे असावेत.

२. घराच्या टोकाला राउटरवर दोन मोकळे पोर्ट असले पाहिजेत. दुभाजक एका पोर्टचे दोन करीत नाही. तो फक्त एका केबलमधून दोन वाटा काढतो.

३. बाजारात एक तोंड व दोन खाचा असलेला आणि आत तारा नुसत्या समांतर जोडलेला स्वस्त तुकडा मिळतो. तो एकटाच लावून दोन यंत्रे एकाच वेळी चालत नाहीत. एक काढून दुसरे लावावे लागते. दुभाजकाच्या नावाखाली हाच तुकडा हाती पडण्याची शक्यता असल्याने खरेदीपूर्वी खात्री करावी.

४. दोन्ही जोडण्यांचा वेग १०० मेगाबिटपर्यंतच राहतो.

५. दोन्ही टोकांची यंत्रे १००० मेगाबिटची असतील तर ती एकमेकांशी तोच वेग ठरवतात, पण चार जोड्या न मिळाल्याने काही यंत्रांत जोडणी लागतच नाही. अशा वेळी एका टोकाच्या यंत्रात वेग १०० मेगाबिट असा हाताने ठरवून द्यावा.

ही पद्धत वीज न लागणारी आणि स्वस्त आहे. गोठ्याच्या टोकाला विजेची सोय भरवशाची नाही आणि दोनच यंत्रे आहेत, अशा ठिकाणी ती उपयोगी पडते. तिसरे यंत्र येताच ती संपते.

पद्धत दुसरी : स्विच

येथे स्विच म्हणजे दिव्याचे बटन नव्हे. ५ किंवा ८ खाचांची ही एक लहान पेटी असते. घरातून आलेली केबल तिच्या एका खाचेत लावावी आणि उरलेल्या खाचांतून संगणक, कॅमेरे, वायफायचे यंत्र यांना जोडण्या द्याव्यात. घराच्या टोकाला काहीही बदल करावा लागत नाही, तेथे राउटरचा एकच पोर्ट पुरतो.

स्विचचे काम दारे धरणाऱ्या माणसासारखे असते. पाटाचे पाणी कोणत्या वाफ्याला द्यायचे ते तो पाहतो आणि तेवढेच दार उघडतो. प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच एक कायमचा क्रमांक दिलेला असतो. कोणता क्रमांक कोणत्या खाचेवर आहे हे स्विच आपोआप शिकतो आणि ज्याची माहिती त्यालाच पोहोचवितो. पूर्वीचे हब नावाचे यंत्र मात्र आलेली माहिती सर्व खाचांवर सोडत असे. जुने हब कोणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नये.

एका केबलवर सगळे आले तर वेग कमी पडेल, अशी शंका नेहमी विचारली जाते. थोडा हिशेब करू. साधारण २० लाख ठिपक्यांचा (२ मेगापिक्सेल) कॅमेरा सेकंदाला सुमारे ४ मेगाबिट माहिती पाठवितो. असे ८ कॅमेरे धरले तरी ३२ मेगाबिट होतात. दूध संकलनाच्या संगणकाची माहिती त्यापुढे नगण्य असते. म्हणजे १०० मेगाबिटच्या केबलचा तिसरा हिस्साही पुरा वापरला जात नाही. चारही जोड्या शाबूत असतील आणि दोन्ही टोकांना १००० मेगाबिटची यंत्रे असतील तर प्रश्नच उरत नाही. बहुतेक ठिकाणी अडते ते बाहेरून घरात येणाऱ्या इंटरनेटच्या वेगापाशी, वस्तीवरील केबलपाशी नव्हे.

म्हणून गोठ्याच्या टोकाला वीज असेल तर सर्वसाधारणपणे स्विचचीच निवड करावी. नवी केबल, पाइप आणि चर यांच्या खर्चाच्या मानाने ५ खाचांचा साधा स्विच फारच स्वस्त पडतो.

पद्धत तिसरी : त्याच केबलवरून वीज

गोठ्यातील वीज वारंवार जात असेल तर घरातील इन्व्हर्टरचा उपयोग करून केबलमधूनच वीज नेता येते. या सोयीला पीओई म्हणतात. तिचे पहिले मानक २००३ मध्ये आले. त्यात पाठविणाऱ्या यंत्राकडून जास्तीत जास्त १५.४ वॅट वीज निघते आणि तारेतील घट धरून दुसऱ्या टोकाला १२.९५ वॅट खात्रीने मिळते. २००९ च्या सुधारित मानकात हे आकडे ३० आणि २५.५ वॅट असे आहेत.

केबलमधील विजेवरच चालणारे आणि पुढच्या यंत्रांनाही वीज देणारे लहान स्विच मिळतात. त्यांना पीओई एक्स्टेंडर म्हणतात. समजा, दुसऱ्या टोकाला २५.५ वॅट मिळाले. त्यातील ३ वॅट स्विचला स्वतःला लागले, तर सुमारे २२ वॅट उरतात. रात्री दिवे लागल्यावर एक कॅमेरा ७ वॅटपर्यंत घेतो असे धरले, तर दोन कॅमेरे आरामात चालतील. तिसरा लावल्यास ताण येईल. खरेदीपूर्वी प्रत्येक यंत्रावर छापलेले वॅट पाहून असा हिशेब करावा.

या पद्धतीत एक मोठा धोका आहे, तो नीट समजून घ्यावा. मानकाप्रमाणे बनविलेले यंत्र समोर वीज घेणारे यंत्र आहे का, हे आधी तपासते आणि मगच वीज सोडते. परंतु स्वस्त, साध्या इंजेक्टरमध्ये अशी तपासणी नसते. तो निळ्या व तपकिरी जोडीवर कायम वीज सोडतो. पहिल्या पद्धतीत याच जोड्या आपण दुसऱ्या जोडणीसाठी वापरल्या आहेत. म्हणजे इंजेक्टर आणि दुभाजक एकाच केबलवर एकत्र आले, तर संगणकाच्या पोर्टमध्ये वीज जाऊन तो जळू शकतो. यासाठी, जोड्यांची वाटणी केलेल्या केबलवर कोणत्याही प्रकारची पीओई लावू नये.

पद्धत चौथी : एका तारेवर वेगळी खाती

काही ठिकाणी दोन जोडण्या एकमेकींपासून वेगळ्या ठेवणे आवश्यक असते. उदाहरणार्थ, शेतकरी उत्पादक कंपनीच्या कार्यालयाचे हिशेब आणि शेजारच्या शेडमधील मजुरांना दिलेले वायफाय एकाच जाळ्यात असू नये. किंवा दोन भावांनी दोन वेगवेगळ्या इंटरनेट जोडण्या घेतल्या आहेत, पण मधली केबल एकच आहे. अशा वेळी व्हीलॅन ही पद्धत वापरतात. तिचे मानक १९९८ मध्ये आले.

दुधाच्या टेम्पोचे उदाहरण पाहा. एकाच टेम्पोतून अनेक सभासदांचे कॅन जातात. कॅनवर क्रमांक असतो, म्हणून दूध एकमेकांच्या खाती पडत नाही. व्हीलॅनमध्ये स्विच माहितीच्या प्रत्येक तुकड्याला एक लहान चिठ्ठी लावतो. तिच्यावर १ ते ४०९४ पैकी एक क्रमांक असतो. दुसऱ्या टोकाचा स्विच तो क्रमांक पाहून तुकडा योग्य खाचेतच सोडतो. यासाठी दोन्ही टोकांना क्रमांक ठरवून देता येणारे स्विच लागतात. साध्या स्विचपेक्षा ते थोडे महाग असतात आणि त्यांची मांडणी जाणकाराकडून करून घ्यावी. केलेल्या मांडणीची नोंद आणि परवलीचा शब्द मात्र आपल्या वहीत लिहून ठेवावा. मांडणी करणारा गाव सोडून गेला तर हीच वही उपयोगी पडते.

कोणती पद्धत निवडावी?

१. गोठ्याच्या टोकाला वीज आहे आणि यंत्रे दोन किंवा अधिक आहेत : साधा स्विच.
२. त्या टोकाला वीज नाही, यंत्रे दोनच आहेत आणि त्यांना स्वतःची बॅटरी आहे : जोड्यांची वाटणी.
३. वीज नाही आणि एक ते दोन कॅमेरे चालवायचे आहेत : घरातून पीओई आणि पुढे पीओई एक्स्टेंडर.
४. दोन जाळी वेगळी ठेवायची आहेत : व्हीलॅन.
५. अंतर १०० मीटरपेक्षा जास्त आहे : यांपैकी कोणतीही पद्धत नको, फायबर घ्यावी.

आपल्या उदाहरणातील शेतकऱ्याच्या गोठ्यात वीज आहे. त्याने ५ खाचांचा एक स्विच घेऊन त्यावर कॅमेरा आणि संगणक दोन्ही लावावेत. स्विचला लहान बॅटरीची जोड द्यावी. तूर मोडण्याचे कारण नाही.

केबल टाकताना घ्यावयाची काळजी

ज्यांना पुढील उन्हाळ्यात पहिलीच केबल टाकायची आहे त्यांनी सुरुवातच नीट करावी.

१. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर आहे. त्यातील ९० मीटर पक्की केबल आणि १० मीटर दोन्ही टोकांच्या सुट्या तारा असा हिशेब धरावा. अंतर टेपने मोजावे, पावलांनी नव्हे. भिंतीवरून जाणारा भागही त्यात मोजावा.

२. केबल शुद्ध तांब्याची घ्यावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त मिळते, पण तिच्यात विजेची घट जास्त होते आणि तार लवकर तुटते. ब्लेडने तार खरवडून पाहावी. आत पांढरी चकाकी दिसली तर ती घेऊ नये.

३. उघड्यावर आणि जमिनीत वापरण्यासाठी काळ्या जाड आवरणाची केबल वापरावी. घरात वापरायच्या केबलचे आवरण उन्हात एक-दोन वर्षांत तडकते.

४. आपल्याकडील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. केबल उघडी पुरल्यास ती ताणली जाते. उंदीर-घुशींचाही उपद्रव होतो. म्हणून ती एचडीपीई पाइपमधूनच न्यावी. पाइप ४५ ते ६० सें.मी. खोल असावा आणि शक्यतो बांधाच्या कडेने न्यावा, म्हणजे नांगरटीत सापडणार नाही.

५. पाइपमध्ये केबलबरोबर एक नायलॉनची दोरी ओढून ठेवावी. पुढे दुसरी केबल किंवा फायबर टाकण्याची वेळ आली तर चर न खणता ती ओढता येते. हा सर्वांत कमी खर्चाचा विमा आहे.

६. मोटारीची किंवा घराची विजेची केबल त्याच पाइपमधून कधीही नेऊ नये. दोन्हींत किमान ३० सें.मी. अंतर ठेवावे आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी. मोकळ्या जोड्या मोटार चालू-बंद करण्यासाठी वापरू नयेत. त्यात जिवाला धोका आहे.

७. पिन बसविताना आवरण थोडेच सोलावे आणि जोड्यांचा पीळ १३ मि.मी.पेक्षा जास्त उलगडू नये. बाहेरचे आवरण पिनेच्या पकडीत आले पाहिजे.

८. स्विच पत्र्याला लागून बसवू नये. साध्या स्विचवर ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानाची मर्यादा दिलेली असते आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पत्र्याखाली त्याहून अधिक तापते. गोठ्यातील अमोनियामुळे पितळी टोके गंजतात. पाली व मुंग्या आत शिरतात. सावलीच्या भिंतीवर, बंद प्लास्टिकच्या पेटीत आणि केबलचे भोक खालच्या बाजूला ठेवून तो बसवावा.

विजांपासून संरक्षण

मराठवाड्यात वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात विजा फार कडाडतात. वीज प्रत्यक्ष वस्तीवर पडली नाही, जवळच्या झाडावर पडली, तरी जमिनीतील लांब केबलमध्ये दाब निर्माण होतो आणि दोन्ही टोकांची यंत्रे एकदम जळतात. केबल एकच असल्याने तिच्यावरील सगळ्या जोड्यांना हा धोका सारखाच असतो. सामाईक केबलचा हा खरा तोटा आहे.

यासाठी दोन्ही टोकांना इथरनेटसाठीचे सर्ज संरक्षक बसवावेत आणि ते चांगल्या अर्थिंगला जोडावेत. अर्थिंग नसेल तर संरक्षकाचा उपयोग होत नाही. ढग दाटून येऊ लागताच दोन्ही टोकांच्या पिना काढून ठेवाव्यात. विजा सुरू झाल्यावर मात्र केबलला हात लावू नये.

नव्याने टाकणाऱ्यांनी फायबरचा विचार जरूर करावा. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, त्यामुळे घर आणि गोठा विजेच्या दृष्टीने वेगळे राहतात. दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर लागतो. दोन वेगळ्या रंगांचे प्रकाश वापरून एकाच तंतूवरून जाणे-येणे करणारे कन्व्हर्टरही मिळतात. केबलला आधारासाठी धातूची तार असू नये, हे मात्र पाहून घ्यावे.

गावात येणारी फायबरही सामाईकच

देशातील ग्रामपंचायती फायबरने जोडण्याच्या योजनेला ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली. २०१५ पासून ती भारतनेट या नावाने ओळखली जाते. खाजगी कंपन्याही आता गावोगाव फायबर आणतात. यातील बहुतेक जोडण्यांत प्रत्येक घराला मुख्य केंद्रापासून वेगळा तंतू येत नाही. एकच तंतू येतो आणि एका लहान दुभाजकातून त्याच्या ३२ किंवा ६४ पर्यंत शाखा निघतात. केंद्राकडून घराकडे येणारा सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिटचा आणि उलट दिशेचा सुमारे १.२५ गिगाबिटचा वेग सर्वांत वाटला जातो.

येथे टक्कर होत नाही, कारण केंद्रातील यंत्र प्रत्येक घरातील पेटीला बोलण्याची वेळ ठरवून देते. मूळ इथरनेटमधील ऐकून बोलण्याची रीत जाऊन येथे कालव्याच्या पाण्यासारखी बांधलेली पाळी आली आहे. संध्याकाळी गावात सगळे एकदम चित्रफिती पाहू लागले की वेग मंदावतो, त्याचे एक कारण ही वाटणी असू शकते. अशा वेळी वस्तीवरील केबल बदलून उपयोग होत नाही.

नेहमी आढळणारे दोष व उपाय

१. दोन केबलींनी दुप्पट वेग मिळेल या समजुतीने दुभाजकाच्या दोन्ही वाटा गोठ्यातील एकाच स्विचमध्ये लावल्या जातात. त्यामुळे माहिती गोल फिरत राहते आणि घरातील राउटरसह संपूर्ण जाळे बंद पडते. साध्या दोन पेट्यांमध्ये नेहमी एकच वाट ठेवावी.

२. वेग १००० ऐवजी १०० मेगाबिट दाखवीत असेल तर निळ्या किंवा तपकिरी जोडीतील तार तुटलेली असण्याची शक्यता असते. प्रथम दोन्ही पिना नव्याने बसवून पाहाव्यात.

३. दिवसा कॅमेरा चालतो आणि रात्री बंद पडतो. रात्री त्याचे दिवे लागून विजेची गरज वाढते. पीओईचा हिशेब पुन्हा करावा आणि केबल शुद्ध तांब्याची आहे का ते पाहावे.

४. पावसानंतर जोडणी अडखळते. जोडावर पाणी शिरले आहे. जमिनीत किंवा उघड्यावर सांधा कधीच ठेवू नये.

५. मोटार सुरू झाली की जोडणी तुटते. विजेची केबल जवळून गेली आहे किंवा अर्थिंग सदोष आहे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, दूध संकलनाची नोंद बंद पडली तर त्या दिवशीचा हिशेब राहतो आणि कॅमेरा बंद पडला त्या रात्री शेळी गेली तर ती परत येत नाही. म्हणून कोणतीही वस्तू विकत घेण्यापूर्वी एका कागदावर घर, गोठा आणि शेड यांचा नकाशा काढावा, टेपने अंतरे लिहावीत, प्रत्येक ठिकाणची यंत्रे व त्यांचे वॅट मांडावेत आणि कोठे वीज आहे ते दाखवावे. हा कागद घेऊन दुकानात जावे. पुष्कळदा असे दिसून येईल की, जमिनीत असलेली एक केबल पुरेशी आहे आणि तिच्या टोकाला फक्त एक स्विच हवा आहे.